सव्वीस तारखेची चिठ्ठी

सर गेले त्याला अठरा दिवस झाले, तेव्हा कोशमंडळाचे सचिव टेम्पो घेऊन दारात आले. आदल्या दिवशी फोनवर ते बाईंना एवढंच म्हणाले होते, "वहिनी, उद्या सहज येऊन जातो." सहज येणारा माणूस बरोबर दोन हमाल आणत नाही.

न्यायची होती अकरा खोकी. बुटांच्या दुकानातून मागून आणलेली पुठ्ठ्याची खोकी, प्रत्येकात पोस्टकार्डाएवढ्या सहाशे-साडेसहाशे चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द. कोश होता जुन्या दस्तऐवजांचा. मृत्युपत्रं, खरेदीखतं, निवाडे, जन्ममृत्यूच्या वह्या यांत अडकून पडलेले आणि बाहेरच्या जगाने कधीच टाकून दिलेले इंग्रजी आणि लॅटिन शब्द त्यात घ्यायचे होते. वकील, दप्तरखान्यातली माणसं आणि पणजोबांच्या जमिनीवरून भांडणारी घराणी सोडली तर त्याची कोणाला गरज नव्हती. पण ज्यांना होती, त्यांचं त्यावाचून पान हलत नसे. सरांच्या संपादनाखाली तीन खंड निघाले होते. चौथा आणि शेवटचा या अकरा खोक्यांत होता.

सचिव बसले, पाणी प्यायले, सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून योग्य तेवढा वेळ गप्प राहिले.

"फार मोठा माणूस," ते म्हणाले. "शेवटपर्यंत काम. आता हे ओझं तुमच्या अंगावर नको, वहिनी."

"ओझं सत्तावीस वर्षं अंगावर आहे," बाई म्हणाल्या. "नेण्याआधी एक विचारायचंय. चौथ्या खंडाच्या पहिल्या पानावर नाव कोणाचं?"

"सरांचं. दुसरं कोणाचं असणार?"

"माझं. सरांच्या शेजारी. वर नको, खाली चालेल, पण त्याच पानावर. तिथे जे काही आहे ते मी लिहिलंय."

सचिवांनी हमालांकडे पाहिलं. हमालांनी छताकडे पाहिलं.

"वहिनी, ऋणनिर्देशात तुमचं येणारच हो. ते काय सांगायला हवं? पहिल्या खंडात सरांनी स्वतः लिहिलंय की..."

"'माझ्या पत्नीस, जिने मला वेळ दिला.' ते वाक्यही मीच नीट करून दिलं होतं. त्यांनी 'जीने'मध्ये दीर्घ लिहिलं होतं."

सचिव हसले. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनीही आवरलं. "मंडळापुढे ठेवतो," ते म्हणाले. "शब्द देतो. शब्दांचीच संस्था आहे आपली, दुसरं काय देणार?" आणि एवढ्यावर अकरा खोकी जिन्यावरून खाली गेली. हमालांनी ती फळं उतरवावीत तशी जपून उतरवली, हे मात्र सांगितलं पाहिजे.

लग्नाआधी बाई मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवत. सरांचं इंग्रजी उत्तम, आवाज त्याहून उत्तम. लॅटिन त्यांना कोश उघडून वाचण्याइतपत येई. मंडळात नेमणूक झाली त्या पहिल्या वर्षी ते चिठ्ठ्या घरी आणत आणि विचारत, "हे जरा बघतेस का, ही कोणती विभक्ती?" दुसऱ्या वर्षी 'जरा' गेलं. पाचव्या वर्षी विचारणंही गेलं. खोकं टेबलावर ठेवून ते भाजी आणायला निघून जात.

सर आळशी नव्हते. कोऱ्या चिठ्ठ्या तेच कापत, पोलादी पट्टी लावून, सगळ्या एका मापाच्या. पत्रव्यवहार त्यांचा, छापखाना त्यांचा, सभा-समारंभ त्यांचे. भाषणात बाईंचे शोध सांगताना त्यांना खरोखरच वाटे की ते आपल्याला सुचलेत. एकदा त्यांनी सभागृहाच्या मागून घरी फोन केला होता: "अगं, पटकन सांग, 'सेझिन', तो जमिनीच्या ताब्याचा शब्द, त्याचं मूळ काय म्हणाली होतीस? आधीचा बोलणारा आटोपतोय." मागे टाळ्या ऐकू येत होत्या. बाईंनी सांगितलं, आणि दूध उतू जात होतं तिकडे धावल्या.

चिठ्ठीचा नियम कडक होता. वर डावीकडे शब्द. उजवीकडे तो सापडला ते ठिकाण. मध्ये मूळ वाक्य, त्याखाली व्याकरण आणि अर्थ. तळाशी उजव्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख. आद्याक्षरं नसतील किंवा ती मंडळाच्या माणसाची नसतील, तर ती चिठ्ठी 'बेवारस'. तिची वेगळ्या वहीत नोंद व्हायची, वर्षभर ती पडून राहायची आणि मग रद्दीत जायची. बाई मंडळाच्या माणूस नव्हत्या. म्हणून दर रविवारी सर गठ्ठा पुढ्यात घेऊन आद्याक्षरं टाकत बसत.

मग छापखान्यातून तक्रार आली की चिठ्ठ्यांवर दोन हातांची अक्षरं असतात आणि खिळे जुळवणारे गोंधळतात. सर म्हणाले, "तू माझं अक्षर गिरवलंस तर?" बाईंनी चार महिने गिरवलं. उजवीकडे कललेलं, ओळीच्या शेवटी किंचित वर चढणारं. शेवटी सरांनाच आपली चिठ्ठी कोणती ते सांगता येईना. त्यांना त्याची भारी गंमत वाटली. "मग आता आद्याक्षरं तरी मी कशाला टाकू? तुझ्या हातची माझ्यापेक्षा बरी येतात." त्या रविवारपासून पुढची एकोणीस वर्षं तळाचा उजवा कोपराही बाईंचाच.

"आणि माझं नाव?" बाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"शेवटच्या खंडावर. दोघांची नावं. सगळं एकदम सांगून टाकू, बघ एकेकाची तोंडं कशी होतात."

पहिला खंड निघाला तेव्हाही ते हेच म्हणाले. दुसऱ्या वेळीही, तिसऱ्या वेळीही. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात ते काही म्हणाले नाहीत; घशात नळी होती. तेवीस तारखेला सकाळी परिचारिकेने एक फॉर्म पुढे केला. 'मृताशी नातं' या रकान्यात बाईंनी 'पत्नी' लिहिलं आणि खाली सही केली. भरतीच्या कागदावरची सरांची सही पाहिलेली परिचारिका म्हणाली, "सही त्यांची नको हो, तुमची करा." बाईंनी वाकून पाहिलं. नाव स्वतःचंच होतं. अक्षर सरांचं होतं.

खोकी गेल्याच्या पाचव्या दिवशी चिमटा आला. हा मंडळाच्या चिठ्ठीघराचा कारकून. चाळीस वर्षांत त्याने एकाही चिठ्ठीला बोट लावलं नव्हतं; तो ती टपालतिकिटांच्या चिमट्याने उचलायचा, म्हणून हे नाव. त्याच्या बायकोसकट सगळे त्याला तेच म्हणत.

"वहिनी, येऊ का? ऑफिसच्या कामाने नाही आलो," तो म्हणाला. "म्हणजे काम ऑफिसचंच आहे, पण ऑफिसला माहीत नाही."

त्याने खिशातून लिफाफा काढला, लिफाफ्यातून चिमट्याने एक चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. "वाचा."

बाईंनी चष्मा लावला.

रेलिक्ट. नाम, स्त्रीलिंगी. वापरातून गेलेला. एका शहराची मृत्युनोंदवही: 'सुताराची रेलिक्ट, वय अंदाजे साठ.' मूळ लॅटिन रेलिक्टा. रेलिंक्वेरे, म्हणजे मागे सोडून जाणे, या क्रियापदाचं भूतकाळवाचक कर्मणि धातुसाधित, स्त्रीलिंगी एकवचन. अर्थ: मागे सोडली गेलेली, मृताची पत्नी. टीप: हा शब्द एकटा येत नाही, सोबत पतीचं नाव किंवा व्यवसाय षष्ठीत असतो. पुल्लिंगी रूप विधुराला लावल्याचं या वह्यांत आढळलं नाही.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"शब्द बरोबरच असणार हो. कोपरा बघा."

कोपऱ्यात सरांची आद्याक्षरं होती. पुढे तारीख, सव्वीस.

"सर कधी गेले, वहिनी?"

बाईंनी चष्मा काढला. "तेवीसला."

"अशा चौदा आहेत," चिमटा म्हणाला.

हा शब्द बाईंनी पाच महिने मागे ठेवला होता. वर्णानुक्रमाने तो उन्हाळ्यातच यायचा होता, पण तेव्हा सरांच्या तपासण्या चालू होत्या. बाईंनी तेवढीच कोरी चिठ्ठी खोक्याच्या मागे सरकवली आणि पुढचे शब्द घेतले. घरात आजारी माणूस असताना तो लिहायचा नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. सव्वीसला सकाळी त्या टेबलाशी बसल्या. लेक आतल्या खोलीत अजून झोपली होती. भेटायला येणाऱ्यांचे चहाचे कप मोरीत तसेच पडले होते. हाताला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी मागे टाकलेला शब्द काढला. मग खोक्यात उरलेले. दुपारपर्यंत चौदा झाले. कोपऱ्यात हात आपोआप गेला, जसा एकोणीस वर्षं जात होता. आद्याक्षरांकडे त्या कधी बघतच नसत. तारीख मात्र त्यांनी आयुष्यात कधी खोटी टाकली नव्हती.

"माझ्या नियमाप्रमाणे या बेवारस," चिमटा म्हणाला. "मेलेल्या माणसाला आद्याक्षरं टाकता येत नाहीत. उद्या मला वहीत चढवाव्या लागतील. पण मी म्हटलं, आधी वहिनींना विचारावं. हे पाहा, सहाचा दोन करायला मला कितीसा वेळ लागतो? बावीस होईल. सर तेव्हा होते."

"बावीसला सर शुद्धीवर नव्हते."

"ते कोशाला कुठे माहीत आहे?"

बाईंनी चिठ्ठी स्वतःकडे ओढली. बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. जे सांगून कोणी ऐकलं नव्हतं, ते त्यांच्या चुकीने आपणहून कागदावर उतरलं होतं. सर नसताना सरांच्या हाताने लिहिलेले चौदा शब्द. तो हात कोणाचा, हे आता मंडळाला विचारावंच लागणार होतं.

"तारखेला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "आहे तशी वहीत चढवा."

"वहिनी, हे दुधारी आहे बरं का."

"चढवा."

त्याने चिठ्ठी पुन्हा चिमट्याने उचलली. दारापाशी थांबून म्हणाला, "मला वाटायचंच. सर चिठ्ठीघरात यायचे तेव्हा स्वतःचीच चिठ्ठी पहिल्यांदा वाचत असल्यासारखी वाचायचे. पण मी पडलो कारकून."

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. सचिवांनी तिच्याशी आधीच बोलून घेतलं होतं.

"आई, हे काय नवीन काढलंस? ते काका म्हणत होते, तू पहिल्या पानावर नाव मागतेस."

"नवीन नाही. तुझ्यापेक्षा काही वर्षांनीच लहान आहे ते."

"बाबांना जाऊन महिना नाही झाला. आता लोकांपुढे जाऊन सांगणार, बाबांनी काही केलंच नाही म्हणून?"

"असं मी म्हणत नाही. चिठ्ठ्या त्यांनीच कापल्या."

"आई!"

"तू पाहिलंस की. शाळेतून यायचीस तेव्हा टेबलाशी कोण असायचं?"

"तू असायचीस," लेक म्हणाली. "पण बाबा सांगायचे, आई माझं उतरवून काढतेय, तिला त्रास देऊ नकोस."

बाईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी विषय बदलला, जावयाच्या पाठदुखीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

मंडळाची बैठक पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी झाली. लांब टेबल, वर काच, काचेखाली जुन्या समारंभांचे फोटो. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्या एका बाजूला सचिव, दुसऱ्या बाजूला प्रकाशक, आणि टोकाला इतिवृत्त लिहायला उपसंपादक, नुकताच कायम झालेला. चौदा चिठ्ठ्या अध्यक्षांसमोर एका ओळीत मांडल्या होत्या.

"बाई, या तुम्ही लिहिल्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो. आणि बाकीच्याही. पहिल्या खंडातल्या 'बी'पासून पुढचं जवळजवळ सगळं."

"कोपऱ्यात आद्याक्षरं तुमची नाहीत."

"माझी चालत नव्हती."

अध्यक्षांनी पहिली चिठ्ठी उचलली. "हा शब्द मी कोर्टात पुष्कळदा वाचलाय. रेलिक्ट म्हणजे विधवा. एका शब्दात संपतं. एवढं लांबण कशाला?"

"कारण ते तसं नाही," बाई म्हणाल्या, आणि शाळेत फळ्यासमोर असाव्यात तशा ताठ झाल्या. "विधवा ही बाईची अवस्था झाली. हा शब्द अवस्था सांगत नाही. हे क्रियापद आहे, कर्मणि. म्हणजे क्रिया हिने केलेली नाही, हिच्यावर झाली. करणारा दुसराच. तो गेला, आणि जाताना मागे जे सोडलं त्यात ही. घर, दोन बैल, एक पलंग, एक रेलिक्ट. म्हणून त्या वह्यांत हा शब्द एकटा कधी सापडत नाही. 'अमक्याची' हे लागतंच."

"आणि तिचं स्वतःचं नाव?"

"मी दोनशे सहा नोंदी पाहिल्या. एकशे एकतीस ठिकाणी नाव नाही. सुताराची रेलिक्ट, खाटकाची रेलिक्ट. एवढंच."

प्रकाशक म्हणाला, "वा." सचिवांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो पुन्हा फोटोंकडे बघू लागला.

"वहिनींचा अभ्यास आहे, त्यात वाद नाही," सचिव म्हणाले. "सरांच्या सहवासात इतकी वर्षं काढली. कानावर पडतंच."

"सरांना लॅटिन येत नव्हतं."

उपसंपादकाने लिहायचं थांबवून वर पाहिलं. हे इतिवृत्तात घ्यायचं की नाही, हे त्याला कळेना. सचिवांनी बोटाने 'नको' केलं.

"मला कागद द्या," बाई म्हणाल्या. "इथेच लिहून दाखवते. हवा तो शब्द सांगा."

अध्यक्षांनी एक शब्द सांगितला. बाईंनी उभ्या उभ्याच लिहिला: व्याकरण, मूळ, अर्थ. चार मिनिटं लागली. अक्षर उजवीकडे कललं, ओळीच्या शेवटी वर चढलं. कोपऱ्यात, कोणी न सांगता, सरांची आद्याक्षरं पडली. बाईंच्या ते लक्षात आलं तेव्हा शाई वाळली होती.

कागद हातोहात फिरला. कोणाला काही फरक सापडला नाही.

"हुबेहूब," अध्यक्ष म्हणाले. मग कागद खाली ठेवून, निकाल वाचताना बोलत असतील तसे हळू बोलले: "म्हणजे, बाई, तुम्हाला सरांची सही करता येते, हे सिद्ध झालं."

"हो. पण मग..."

"एवढंच सिद्ध झालं. सही करता येते म्हणून प्रत्येक सही तुमची, असं म्हणता येत नाही. सर हयात असतानाच्या चिठ्ठ्यांवर त्यांची आद्याक्षरं आहेत, आणि ती नाकारायला ते आज इथे नाहीत. या चौदांपुरतं बोलायचं तर मेलेल्या माणसाच्या नावाने कागद केला, याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. तो मी वापरत नाही."

"आणि विचार करा, वहिनी," सचिव मऊ आवाजात म्हणाले. "तीन खंड बाहेर आहेत. न्यायालयं त्यांचा आधार घेतात. सरांना त्यावर सन्मान मिळालाय. आज आपण म्हटलं की हे सगळं दुसऱ्याच कोणाचं, तर उद्या प्रत्येक हरणारा वकील म्हणेल, कोशच खोटा. तुम्हालाच ते बघवेल का?"

"कोश खोटा नाही. फक्त नाव खोटं आहे."

"लोक तेवढं बारीक बघत नाहीत हो."

पत्र नऊ दिवसांनी आलं. चौदा चिठ्ठ्या बेवारस ठरवण्यात येत आहेत. उर्वरित सामग्री ही कै. सरांचीच होय. आपल्या पतीच्या कार्याबद्दल मंडळ सदैव कृतज्ञ राहील. यापुढे चिठ्ठीघरात आपणांस प्रवेश देता येणार नाही, याबद्दल दिलगिरी. खाली सचिवांची सही, आणि ती खरी होती.

चौथा खंड सात महिन्यांनी निघाला. बाईंना एक प्रत टपालाने आली, भेट म्हणून. पहिल्या पानावर सरांचं नाव, एकट्याचं. प्रस्तावनेत सचिवांनी लिहिलं होतं की सरांनी अखेरच्या दिवसापर्यंत लेखणी खाली ठेवली नाही. ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत 'सरांच्या पत्नी' यांचे, त्यांनी सामग्री तत्परतेने सुपूर्द केल्याबद्दल, आभार होते. नाव नव्हतं. परिशिष्टात बारीक टायपात एक ओळ होती: सरांच्या पश्चात राहिलेल्या चौदा नोंदी उपसंपादकांनी नव्याने सिद्ध केल्या. उपसंपादकाचं नाव पूर्ण होतं, पदवीसकट.

बाईंनी 'रेलिक्ट' काढला. नव्याने सिद्ध केलेली नोंद अक्षरशः तीच होती. सुतार होता. अंदाजे साठ होतं. पुल्लिंगी रूपाबद्दलची टीपही होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिला खंड खाली काढला आणि वापरण्याच्या सूचना उघडल्या. अकरावी सूचना अशी होती: 'जो वाचक सप्रमाण दुरुस्ती कळवील, त्याचं पूर्ण नाव पुरवणीत त्या दुरुस्तीसमोर छापण्यात येईल. हे नाकारण्याचा अधिकार मंडळाला राहणार नाही.' या सूचना सरांच्या सहीने छापल्या होत्या. अकरावी लिहिताना बाईंनी त्यांना म्हटलं होतं, दुसऱ्याने काढलेली चूक स्वतःच्या नावावर जायला नको, आणि सर म्हणाले होते, "बरोबर आहे, एकदम कडक लिही."

चुका कुठे आहेत ते बाईंना शोधावं लागलं नाही. लेकीला गोवर निघाला त्या आठवड्यातले 'ई'चे नऊ शब्द, दोन पानांचे आकडे इकडचे तिकडे झालेले. छापखान्याची घाई होती तेव्हा अंदाजाने लिहिलेला आणि अंदाज असं न म्हटलेला एक धातू. 'एम'मधल्या एका मापाचा अर्थ, जो पुढे 'पी'वर काम करताना चुकीचा निघाला; तेव्हा सर म्हणाले होते, "राहू दे, कोण बघतंय." अशा एकशे त्रेसष्ट चुका. सत्तावीस वर्षांत त्यातली एकही त्या विसरल्या नव्हत्या. एका कागदावर एकच दुरुस्ती चालते, म्हणून त्यांनी सरांनी कापून ठेवलेल्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा शेवटचा गठ्ठा काढला.

लेक सुटीला आली तेव्हा टेबलावर साठ-सत्तर झाल्या होत्या. तिने दोन-चार वाचल्या.

"आई, तू बाबांच्या चुका काढतेयस?"

"माझ्या."

"ते तुला माहीत. लोक म्हणणार, नवरा गेल्यावर बायकोने त्याचं काम चिवडलं."

"म्हणू देत. म्हणताना नाव तर घ्यावं लागेल."

"कसलं नाव? चुका काढणारी म्हणून?"

"दुसरी जागा त्यांनी ठेवली नाही," बाई म्हणाल्या. "ते चार खंड दिवाणावर ठेव, मला जेवायचं ताट मांडायचंय."

लेकीने खंड उचलले. तिला काही बोलायचं होतं, पण ती जेवताना मिठाबद्दल बोलली.

चिमट्याने नंतर सांगितलं की पहिला गठ्ठा आला तेव्हा सचिवांनी पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. मग आतली सही वाचून बसले. सही बाईंच्या माहेरच्या नावाची होती, पुढे-मागे कोणाचं काही न जोडता. अकरावी सूचना सचिवांना पाठ होती. अध्यक्षांना विचारलं, त्यांनी सूचना दोनदा वाचली आणि यात पळवाट नाही, असं खेदाने कळवलं. पुरवणीत एकशे त्रेसष्ट ओळी जाणार. प्रत्येक ओळीत डावीकडे चूक, मध्ये दुरुस्ती आणि उजवीकडे, तळाच्या कोपऱ्यात नव्हे पण त्याच बाजूला, बाईंचं नाव.

"नोंदी बरोबर आहेत त्या वीस-पंचवीस हजार असतील," चिमटा म्हणाला. "त्यांच्यापुढे मात्र सर."

"हो," बाई म्हणाल्या.

शेवटची दुरुस्ती पाठवण्याआधी त्यांनी 'रेलिक्ट' पुन्हा एकदा तपासला. ठिकाण, पान, विभक्ती, टीप. उपसंपादकाने उतरवताना एक स्वल्पविरामही चुकवला नव्हता. त्यांनी ती नोंद सकाळी पाहिली, दुपारी पाहिली, भिंग घेऊन पाहिली. कुठेच चूक नव्हती. पुढे घेतलेली कोरी चिठ्ठी त्यांनी परत गठ्ठ्यात ठेवली.